घरटी एक साक्षर

२०१७मध्ये मंजूर झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानाची काटकसर वाखाणण्याजोगी होती. लक्ष्य ६ कोटी ग्रामीण कुटुंबांचे. प्रत्येक घरातला एकच माणूस, २० तासांचा अभ्यास. वय १४ ते ६०. साठीपुढच्यांना आदरपूर्वक वगळले, कारण त्यांना इंटरनेटचे काम ते काय? पेन्शनसाठी हयातीचा ऑनलाइन दाखला, बस्स!

हे धोरण बाराखडीलाही लावायला हवे होते. घरटी एक पाटी, एक पेन्सिल. बाकीच्यांनी त्याच्याकडून वाचून घ्यावे. सावित्रीबाईंचे केवढे कष्ट वाचले असते! तो एकजण निवडायचा कसा, हा प्रश्नही बहुतेक घरांत पडत नाही. फोन ज्याच्या खिशात, तोच कुटुंबाचा प्रतिनिधी. सूनबाई तेवढ्यात भाकऱ्या थापून घेतात.

मे २०२१मध्ये १८ ते ४४ वयोगटाला कोविड लशीसाठी ऑनलाइन नोंदणी सक्तीची झाली. सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल दरीबद्दल विचारले, तेव्हा केंद्राचे उत्तर तयार होते : कुटुंबीय, मित्र, स्वयंसेवी संस्था यांची मदत घ्यावी.

घरचा साक्षर मदतीला बसलाच होता. नोंदणीचे कोविन पोर्टल इंग्रजीत होते; मराठी जूनमध्ये आली.