भाळ छलो इत्तरी!

माझं तोंड गोड आहे, सप्तापुरात कुणालाही विचारा. कपाळाच्या मागं जे चालतं ते मात्र छापण्यासारखं नाही. त्यातलं जरा बरं तेवढं सांगते.

शेजारचे निवृत्त इंजिनियर गातात. साठी उलटल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण धारवाडचे आहोत. ज्या गावात मल्लिकार्जुन मन्सूर आणि बसवराज राजगुरू राहिले, १९१३ साली गंगूबाई हनगल जन्मल्या, त्या गावचं पाणी आपणही आयुष्यभर प्यालो. ते गळ्यात उतरलं नसेल कशावरून? झालं, पहाटे साडेपाचला भिंतीपलीकडून जौनपुरी सुरू. निदान मला तरी तो जौनपुरी असल्याचं त्यांनीच सांगितलं. मन्सूरअण्णा १९९२ साली गेले. अंथरुणात पडल्यापडल्या मी मनात म्हणते, सुटले बिचारे.

असला विचार आला की मागोमाग शरम येते. चांगला माणूस, कधी कुणाच्या अध्यात नाही, बँकेत भेटला तर आपला नंबर सोडतो, आणि आपण हे असं? मग फाटकाशी ते दिसले की माझ्या तोंडून आपोआप निघतं, "भाळ छलो इत्तरी!" फार छान झालं हो! ते लाजतात. दुसऱ्या दिवशी पाचलाच सुरू करतात. त्यामुळं माझे विचार आणखी हिंस्र होतात आणि प्रायश्चित्तही वाढतं. आधी नुसती स्तुती होती, मग शेंगाचटणी झाली, आता प्रकरण लाईन बझारच्या पेढ्यांवर आलंय. ठाकूर मंडळी प्लेगच्या साथीत उन्नाव सोडून इथं आली आणि पेढे करू लागली, असं सांगतात. प्लेगमधूनसुद्धा काहीतरी गोड निघालं म्हणायचं. माझ्या मनातून निघतात ते विकतचे.

मामंजी हयात होते तोवर संध्या करत. सकाळच्या संध्येत रात्रीची पापं पुसायची, संध्याकाळच्या संध्येत दिवसाची. त्या यादीत मनानं केलेली पापं आधी, वाणीची नंतर, हातापायांची त्याच्याही नंतर, मग पोट वगैरे. म्हणजे ज्यानं हे रचलं त्यालाही शेजार होताच. पुरुषांचा हिशेब असा रोज दोनदा चुकता. बायकांची मुंजच नाही, त्यामुळं आमची मागची बाकी पुढच्या पानावर. वर्षातून एक ऋषिपंचमी येते, तीही भलत्याच दोषासाठी. शेजाऱ्याच्या गाण्यावर त्या भाजीचा काही उपयोग होत नाही.

एकदा ठरवलं, वाईट विचार करायचाच नाही. गणपतीत त्यांच्या हॉलमध्ये बैठक होती आणि मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. १९८७ साली डॅनियल वेग्नर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं विद्यार्थ्यांना सांगितलं होतं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका; आलाच मनात, तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. (माकड आठवून औषध फुकट घालवणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटणार नाही.) त्या बैठकीत माझ्या हातात घंटी असती तर तबलजीला घरी पाठवता आलं असतं.

चेहरा सांभाळणं त्याहून अवघड. जी. ए. कुलकर्णी याच गावात वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवत राहिले, डोळ्यांवर काळा चष्मा. त्या चष्म्याबद्दल जाणकार फार खोल बोलतात. मला आपलं वाटतं, रस्त्यात ओळखीचे लोक भेटत असतील.

वरच्या मजल्यावर आमच्याकडं पीजीच्या मुली आहेत, पीएसआयच्या परीक्षेसाठी क्लासला आलेल्या. सप्तापुरात आता माणसांपेक्षा क्लासचे बोर्ड जास्त. त्या मुली पहाटे उठून अभ्यास करतात आणि गाणं ऐकून गालात हसतात. त्यांना काही अपराधी वाटत नाही. पुढं पोलिसात जाणार, त्यांचं बरोबर आहे.

शेवटी एका रात्री ह्यांना सगळं सांगून टाकलं. 'सुटले'पासून पेढ्यांपर्यंत. वाटलं, हे म्हणतील, अगं, असं बोलू नये. हे पंख्याकडं बघत म्हणाले, "एवढंच?" मग त्यांचं निघालं. त्यात शेजाऱ्यांची बदली बिदरला करण्यापासून (निवृत्त माणसाची!) त्यांच्या घशाला काही दिवस पुरेल अशा खोकल्यापर्यंत सगळं होतं. माझे विचार त्यापुढं हळदीकुंकवाचे वाटले. जरा हायसं वाटलं, आणि लगेच स्पर्धेत मागं पडल्याचं वाईटही वाटलं.

"आणि तो इलेक्ट्रॉनिक तानपुरा," हे अंधारात म्हणाले.

"त्याचं काय?"

"वाढदिवसाला मीच दिला त्यांना. खोकल्याचं मनात आल्यावर राहवलं नाही."

तेव्हापासून कुणी फार गोड वागलं की आम्ही दोघं सावध होतो. मुलींपैकी एकीनं गावाहून येताना गोकाकचं करदंट आणलं, तर मी आधी भाडं वाढवल्याची तारीख आठवून बघितली. परवा इंजिनियरांच्या बायकोनं डबा भरून मादली पाठवली. सण नाही, वार नाही, आणि तूप हाताला लागेल इतकं.

ह्यांनी चमचा तोंडाशी थांबवला. "इतकं तूप? काय म्हणाली असेल गं मनात?"

"खा मुकाट्यानं," मी म्हटलं. "तुमच्याबद्दलच असणार."