दोन रुपयांचा संशय

लातूरहून तुळजापूरच्या रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर औसा. लोकसभेला हे गाव धाराशिवच्या खात्यात असतं, विधानसभेला मात्र स्वतःच्या नावावर. त्यामुळे 20 नोव्हेंबर 2024 सारखा विधानसभेच्या मतदानाचा दिवस आला की पुण्या-मुंबईकडे पोटासाठी गेलेली माणसं ट्रॅव्हल्समध्ये गुडघे दुमडून गावाकडे निघतात. (नमुना 8 भरला की नाव पुण्याला हलवता येतं, कायदाही तेच सांगतो, पण भावकीत तोंड कसं दाखवायचं?) हा प्रवास शाळेच्या फाटकाशी संपला असं मात्र समजू नये. अवघड टप्पा पुढेच आहे, वर्गाच्या दारापासून पुठ्ठ्याच्या आडोशापर्यंतचा. या दहा पावलांत आपल्यावर कुणाचाच विश्वास नसतो, आणि माझ्या मते हीच या प्रवासातली सगळ्यात मोठी सोय आहे.

पहिल्या टेबलावर ओळख पटवायची. घरपोच आलेली मतदार चिठ्ठी इथे चालत नाही. मतदार कार्ड, नाहीतर आधार, पॅन, जॉबकार्ड असलं काहीतरी लागतं. मग अधिकारी यादीतलं नाव मोठ्याने वाचतात, आणि बाकावर दाटीवाटीने बसलेले पक्षांचे एजंट माना वर करतात. पटलं नाही तर त्यांना आक्षेप घेता येतो, अट एवढीच की दोन रुपये जमा करायचे. दोन रुपयांत अर्धा चहा येत नाही, पण शेजारी तो शेजारीच आहे का, याची रीतसर चौकशी लावता येते! आक्षेप खोडसाळ निघाला तर रक्कम जप्त. दुसऱ्या टेबलावर डाव्या तर्जनीला शाई, नोंदवहीत सही किंवा अंगठा. तिसऱ्यावरचा अधिकारी दुसऱ्या टेबलावर मिळालेली चिठ्ठी घेतो, पण बोट पुन्हा बघून; हातभरावर बसलेल्या सहकाऱ्याने लावलेल्या शाईवरही त्याचा भरवसा नाही.

एका बटणासाठी एवढा तमाशा कशाला, असं कुणी विचारेल. पण ओलावा 12 टक्क्यांच्या वर गेला म्हणून खरेदी केंद्रावरून सोयाबीन परत आणलेल्या शेतकऱ्याला तपासणीचं नवल नसतं. राग येतो तो एकट्याचीच झाली तर. इथे तसं नाही. त्याच निवडणुकीच्या प्रचारात, 12 नोव्हेंबरला, याच औशात निवडणूक अधिकाऱ्यांनी उद्धव ठाकरे यांच्या बॅगा उघडल्या, त्याही आदल्या दिवशी वणीत उघडलेल्या असताना. पुढे हिंगोलीत अमित शहांच्याही. यंत्रालाही सूट नाही. मतदानाच्या दीड तास आधी एजंटांसमोर निदान 50 खोटी मतं टाकून त्याची परीक्षा होते, आणि नंतर प्रत्येक मताची चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते.

ती चिठ्ठी हातातच का देत नाहीत, हा आक्षेप जास्त वजनाचा आहे. मात्र हातात आलेली चिठ्ठी संध्याकाळपर्यंत कुणाला तरी दाखवावी लागेल, आणि दाखवली की तिचा भाव ठरेल. म्हणून ती पेटीत पडते. नोंदवहीत तुम्ही आलात एवढंच उरतं, दाबलं काय ते नाही. शंभर मीटरच्या रेषेपलीकडच्या पानटपरीवर ‘कुणाला दाबलंत, मामा?’ असं जो जो विचारेल त्याला मामा ‘तुमालाच की’ म्हणून सांगतात, आणि त्यावर आक्षेप घ्यायला दोन रुपये भरायची सोय कुठेच नाही.