म्हातारीने नक्की काय खाल्लं?

फेमस फाइव्ह वाचून मोठं झालेल्या कुणालाही विचारा, ती पोरं सहलीला काय प्यायची? ‘लॅशिंग्ज ऑफ जिंजर बीअर’, असं छातीठोक उत्तर येतं. गंमत म्हणजे एनिड ब्लायटनच्या त्या 21 पुस्तकांत हे शब्द असे जोडून कुठेच नाहीत. जिंजर बीअर आहे, हवी तेवढी आहे. पण ही जोडणी केली ती 1982 मध्ये, ब्रिटनमध्ये चॅनल फोर सुरू झालं त्याच रात्री दाखवलेल्या एका विडंबनाने. टर उडवणाऱ्यांचं वाक्य लोकांनी खुशाल बाईंच्या खात्यावर जमा केलं!

आपण हसायचं काम नाही. आमच्या दिंडोशीच्या सोसायटीत ‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’ या गोष्टीचा विषय काढून बघा. म्हातारी लेकीकडे जाऊन काय खाणार होती? मी म्हणतो, तूपरोटी. शेजारच्या काकू मालवणच्या. “रोटी कसली? तूपभात!” पहिल्या मजल्यावरचे सोलापूरचे आजोबा पुरणपोळीवरून एक इंच हलायला तयार नाहीत. प्रत्येकाने आपापल्या आजीच्या तोंडून ‘हेच’ ऐकलेलं.

म्हातारीला वाटेत अडवून, ती जाड होऊन परतेपर्यंत थांबणाऱ्या वाघाबद्दल मात्र मोठ्यांचं एकमत. वाद घातला तो काकूंच्या नातवाने. नॅशनल पार्क इथून हाकेवर, त्यामुळे त्याला बिबट्याची माहिती चोख. “बिबट्या भटक्या कुत्र्यांवर भागवतो. म्हातारी जाड होईपर्यंत कशाला थांबेल?” यावर सोलापूरही गप्प.

ब्लायटनचं पहिलं फेमस फाइव्ह 1942 चं. तेव्हा ब्रिटनमध्ये रेशन होतं, ते पार 1954 पर्यंत. लोणी, साखर, सगळं मोजून. अशा दिवसांत पोरं गुप्तहेरांना थोपवून धरून उकडलेली अंडी आणि सँडविचेस हाणतात, तेव्हा वाचणाऱ्या पोराचं लक्ष गुप्तहेरांकडे कसं राहणार? म्हातारीचंही तेच. रोज कोरडी भाकरी खाणारीलाच तुपासाठी जंगल तुडवावंसं वाटतं. मला तर ती त्या चारही पोरांपेक्षा धाडसी वाटते. त्यांच्याबरोबर निदान कुत्रा तरी होता.

नातवाच्या आवृत्तीत लेक दहिसरला राहते, म्हातारी मेट्रोने जाते आणि महिनाभर पिझ्झा खाते. काकूंना पिझ्झा साफ नामंजूर. चीज खाऊन ती लठ्ठ झाली, एवढं मात्र त्यांनी लगेच मान्य केलं.