पऱ्हाटी आधी वावराची

खापरखेड्याच्या वीजकेंद्राची क्षमता १३४० मेगावॉट. कोळशाच्या खाणीही शेजारीच. तरी ऑक्टोबर २०२१ च्या केंद्रीय धोरणानं कोळशावरच्या वीजकेंद्रांना बजावलं, की कोळशासोबत पिकांच्या अवशेषांच्या कांड्याही जाळा. सुरुवात पाच टक्क्यांपासून. पंजाब-हरियाणात शेतातच पेटणाऱ्या पराळीवर हा उपाय ठीक आहे. सावनेर-पारशिवनीकडची पऱ्हाटी भट्टीकडे नेण्याआधी मात्र इथल्या काळ्या मातीची गरज बघा.

ही माती भुकेली आहे. विदर्भातल्या कित्येक वावरांत सेंद्रिय कर्ब अर्धा टक्कासुद्धा भरत नाही. आणि आपण काय करतो? कापूस निघाला की पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर पेटवतो. उन्हाळ्यात खोल नांगरतो, वरून रोटाव्हेटर फिरवतो. वावर साफ दिसतं, पण उलथलेल्या मातीतला कर्ब हवा लागून झपाट्यानं उडून जातो. मग जूनचा जोरदार पाऊस उघड्या ढेकळांवर पडतो, ढेकळं विरघळतात, वरचा थर दबतो आणि पाणी माती घेऊन नाल्याला लागतं. ऑगस्टात पावसानं ताण दिला की त्याच वावरातलं सोयाबीन माना टाकतं. दोष पावसाला देऊन आपण मोकळे.

संवर्धित शेतीची सूत्रं तीनच आहेत. माती कमीत कमी हलवा. ती उघडी ठेवू नका. पिकं बदलत राहा. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी कायमच्या गादीवाफ्यांवर भात घेऊन, मुळं जमिनीतच कुजू देऊन हे दाखवलं. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर विनानांगरणीच्या उसाबद्दल वर्षानुवर्षं सांगत आहेत. जुनी मुळं कुजली की त्यांच्या वाटांनी पाणी खोल जातं, गांडुळं टिकतात, आच्छादनाखाली ओल राहते. नांगरटीचं डिझेल वाचतं ते वेगळंच.

पण अर्धवट केलं तर फसतं. २०१५ साली ‘नेचर’मध्ये ६१० अभ्यासांचा एकत्र आढावा आला. नुसती नांगरणी बंद केली तर सरासरी उत्पादन घटतं. तिन्ही सूत्रं एकत्र पाळली तर कमी पावसाच्या कोरडवाहू भागात ते वाढतं, असा त्याचा निष्कर्ष. नांगर सोडला आणि पऱ्हाटीही पेटवली, तर हाती तणच येणार.

तणाचा प्रश्न खरा आहे. पहिली वर्षं जड जातात, आणि तणनाशकाच्या डब्यावर सगळा भार टाकणं हा मार्ग नव्हे. गुलाबी बोंडअळीचाही प्रश्न खरा आहे. वाळक्या बोंडांत अळी दडते, म्हणून फरदड घेऊ नका आणि पऱ्हाटी उभी ठेवू नका. पण त्यासाठी काडी कशाला हवी? श्रेडरनं कुट्टी करून ती वावरातच पसरा. कीड फार असेल तिथे कुट्टी आधी कुजवा आणि खत करून परत टाका.

नागपुरात अमरावती रस्त्यावर मातीच्या सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे, वर्धा रस्त्यावर कापसाची केंद्रीय संस्था. दोन्ही १९७६ च्या. इतकं ज्ञान शेजारी असताना खापरखेड्याच्या शेतकऱ्याला भाड्यानं रोटाव्हेटर हाकेसरशी मिळावा आणि श्रेडर शोधत फिरावं लागावं, हे कृषी खात्याचं अपयश आहे. पेरणीआधी गावोगावी श्रेडर आणि विनानांगरणीचं पेरणीयंत्र भाड्यानं मिळण्याची सोय करा. कांड्यांचे कारखाने काढणाऱ्यांना एकच अट घाला: वावर झाकून जे उरेल, तेवढंच उचला.

शेतकरीदादा, सगळं वावर एकदम बदलू नका. एका एकरापासून सुरुवात करा, तिन्ही सूत्रं पाळा, तीन हंगाम धीर धरा. वीजकेंद्राला कोळसा आहे. तुमच्या मातीला पऱ्हाटीशिवाय दुसरं कोण आहे?