चिकट छंद

रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर डॉक्टरांनी मला एखादा छंदही लावून घ्यायला सांगितलं. लेकीने लगेच हाताने भेटकार्डं करणं आणि आर्ट जर्नल असा जोडछंद सुचवला. मन अगदी शांत होतं म्हणे.

आर्ट जर्नल म्हणजे रोजनिशीच, फक्त लिहायचं कमी आणि चिकटवायचं जास्त. आधी पानावर जेसो नावाचा पांढरा लेप द्यायचा, म्हणजे कागद रंग पिऊन टाकत नाही. जेसोची किंमत ऐकली आणि घराच्या रंगकामातून उरलेला प्रायमर माळ्यावरून खाली काढला. चालतो. वही तेवढी आता मिटत नाही, तळलेल्या पापडासारखी वाकडी होऊन बसते. तिच्यात त्र्यंबकच्या एसटीची तिकिटं आहेत, द्राक्षांच्या पेटीतला कागद आहे आणि चिवड्याच्या पुडीचा तुकडाही. पुडीच्या तेलाने मागची पानं आरपार दिसायला लागली, तर लेक म्हणते, "आई, हे टेक्श्चर!" या छंदात डागाला डाग म्हणत नाहीत, हा केवढा दिलासा.

कार्डाचं तसं नाही. कार्डाला परीक्षक असतो आणि माझा तर घरातच आहे. आम्ही नाशिकरोडचे, हे प्रेसमधून निवृत्त झालेले. इथे प्रेस म्हणजे वर्तमानपत्र नव्हे, इंडिया सिक्युरिटी प्रेस. ती १९२५ साली उभी राहिली. त्याआधी आपली टपाल तिकिटं लंडनहून छापून यायची. तिकिटावरचा रंग केसभर सरकलाय का, हे बघण्यात ज्याची हयात गेली, त्याच्यासमोर मी टिकल्यांचा गणपती चिकटवते. हे भिंग घेऊन येतात.

"सोंडेचं रजिस्ट्रेशन गेलंय. हा माल रिजेक्ट."

त्या वेळी माझा रक्तदाब कुणी मोजू नये.

कच्चा माल मात्र फुकट. पत्रिकेवरचा गणपती रद्दीत टाकवत नाही, त्यामुळे घरात लग्नपत्रिकांचा गठ्ठा असतोच. त्यातली एक-दोन लग्नं टिकली नाहीत, पण कागद उत्तम आहे.

खरी कसरत पुढेच. कार्ड पाठवायला भाच्याला पत्ता विचारला, तर तो घाबरला. "का गं मावशी, काय झालं?" पिनकोड दे म्हटलं, तर लोकेशन पाठवलं. नकाशावरच्या लाल टाचणीपाशी पोस्टमनला कसं पाठवू? श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, म्हणजे टपाल खात्यातल्या एका मराठी अधिकाऱ्याने, १९७२ साली देशाला पिनकोड दिला. हा माणूस संस्कृतात काव्य-नाटकं लिहायचा. आणि आमच्या भाच्याला स्वतःच्या घराचे सहा आकडे पाठ नाहीत!

वीस ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला पाच रुपयांचं तिकीट लागतं. माझा गणपती बटणांसकट त्यात बसेना. पोस्टाच्या खिडकीवरच्या बाईंनी पाकीट हलवून पाहिलं. आत खुळखुळलं.

"काय आहे आत?"

"गणपतीचा मोदक सुटला असेल."

"मग शिक्का हळू मारते," त्या म्हणाल्या. वरचं तिकीट ह्यांनी स्वतः लावलं, चारी बाजू पट्टीने मोजून. पाकिटात तेवढीच एक गोष्ट पास झाली.

कार्ड पोचलं तेव्हा भाच्याने मेसेज नाही, फोन केला आणि चांगला अर्धा तास बोलला. कार्ड फ्रिजवर लावलंय म्हणे, मोदक वेगळा चिकटवून. वहीतलं सगळं आपल्यापाशीच राहतं. ते वाईट नाही, पण माझं मत विचाराल तर या छंदाची खरी मजा पाकीट लाल पेटीत टाकलं की सुरू होते. डॉक्टरांनी गोळी मात्र तीच ठेवली आहे.

दिवाळीची कार्डं आता करायला घेतली आहेत. तेव्हा कुणी पत्ता मागितला, तर काय झालं म्हणून विचारू नका. सरळ लिहून द्या, पिनकोडसकट.