शिक्षणाचा गळीत हंगाम

साखरेतून शिक्षण पिकते, हे नगर जिल्ह्याने देशाला दाखवले. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५०च्या सुमारास सुरू झाला; आज शेजारच्या लोणीत इंजिनिअरिंगपासून मेडिकलपर्यंत सगळे आहे. आता ऊस काही आपोआप तुटत नाही. त्यासाठी पाथर्डी-शेवगावची बिऱ्हाडे दिवाळीच्या आगेमागे कोयते घेऊन कुठल्या ना कुठल्या कारखान्यावर निघतात. दप्तर घरी, पोरे फडात. वयात आलेली लेक मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची? म्हणून तिचे हात लवकर पिवळे. शिक्षणहक्क कायदा २००९ पासून आहेच. पण तो जूनमध्ये शाळेत येतो, मुकादम उचल घेऊन त्याआधीच घरी आलेला असतो. मग पट का घटला, याचा खुलासा मात्र मास्तरांनी करायचा.