मागच्या डब्याचा ब्रेक

अमेरिकेत गाडी विकणारा ती किती पौंड ओढते हे छाती फुगवून सांगतो. किती पौंड थांबवते हे तो सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. आमची घरची टोयोटा हायलँडर ५००० पौंड ओढते, म्हणजे जवळजवळ सव्वादोन टन. तेवढ्या भांडवलावर आम्ही पिट्सबर्गमधल्या इतर मराठी मंडळींचं पाहून एक जुना कॅम्पर घेतला. चाकांवरची खोलीच ती. दोन बिछाने, एक शेगडी आणि बायकोने भरलेल्या डाळ-तांदळासकट वजन साधारण ३५०० पौंड.

भरलेला ट्रेलर ३००० पौंडांच्या वर गेला की त्याला स्वतःचे ब्रेक हवेत, असं इथल्या बऱ्याच राज्यांचा कायदा म्हणतो. आमच्या कॅम्परला ते होते. पण ते दाबायचे कोणी? त्याच्या चाकांच्या ड्रममध्ये विद्युतचुंबक असतो. वीज मिळाली की तो फिरत्या ड्रमला चिकटू पाहतो, त्याच्याबरोबर फरफटतो आणि त्या ओढीने ब्रेकचे शू फाकून ड्रमला घासतात. ही वीज कधी आणि किती सोडायची हे ठरवणारी डबी म्हणजे ब्रेक कंट्रोलर. ती मात्र पुढच्या गाडीत, डॅशबोर्डखाली बसते.

या डब्यांच्या दोन जाती. एक वेळेवर चालणारी. तुम्ही ब्रेकला पाय नुसता टेकवा की जीव खाऊन दाबा, ती सरकारी फायलीसारखी आपल्या ठरलेल्या चालीनेच पुढे सरकते. दुसरी जात हुशार. गाडीचा वेग किती झपाट्याने उतरतोय हे ती आतल्या सेन्सरने जोखते आणि त्या मानाने मागे वीज धाडते. पहिली स्वस्त असते. ती घ्यायची माझी तयारी होती, बायकोची नव्हती.

डबीला चार तारा. पांढरी अर्थिंगची, काळी बॅटरीची, लाल ब्रेकच्या पेडलजवळच्या स्विचची आणि निळी मागे ब्रेकपर्यंत जाणारी. आमच्या बंपरखाली चार तारांचा चपटा सॉकेट होता. त्यावर मागचे दिवे लागतात, ब्रेक लागत नाहीत. तो जाऊन सात पिनांचा गोल सॉकेट आला. मेकॅनिकने हे सगळं शिट्टी वाजवत केलं आणि बिल गंभीरपणे दिलं. डॅशबोर्डवर गणपती होताच, आता त्याच्या पायाशी ही डबी. पेन हिल्सच्या वेंकटेश्वर मंदिरात गाडी दाखवून आणली तेव्हा तिलाही हळदकुंकू लागलं.

एवढा खटाटोप कशासाठी, हे घरात एकाच माणसाला न सांगता कळलं. माझे सासरे मध्य रेल्वेतले निवृत्त गार्ड. २०२२ साली रेल्वेने गार्डचं नाव ‘ट्रेन मॅनेजर’ केलं, ते त्यांनी अजून मंजूर केलेलं नाही. मी डबीचं काम समजावू लागलो तर मधेच थांबवून म्हणाले, “जावईबापू, मागे गार्ड बसवलाय म्हणा ना!”

मग त्यांनी मला बोरघाट समजावला. चढ १:३७. वर जाताना कर्जतला मागून बँकर इंजिनं लावतात, ते कौतुक सगळे पाहतात. खरी परीक्षा उतरताना. नुसत्या इंजिनाने ब्रेक मारला तर मागचे डबे त्याला ढकलत राहतात, म्हणून ब्रेक प्रत्येक डब्याला हवा. ही किमया करणारा जॉर्ज वेस्टिंगहाउस आमच्याच पिट्सबर्गचा. त्याने १८६९ साली एअर ब्रेकचं पेटंट घेतलं. पण त्या पहिल्या ब्रेकमध्ये नळी तुटली की ब्रेकच जायचा. १८७२ साली त्याने उलटा न्याय लावला, नळी तुटली की ब्रेक आपोआप लागलाच पाहिजे. सासऱ्यांना आम्ही नायगारा दाखवला तेव्हा ते “पाणी पुष्कळ आहे” एवढंच म्हणाले. विल्मर्डिंगला वेस्टिंगहाउसच्या जुन्या कचेरीसमोर मात्र त्यांनी चपला काढल्या.

कॅम्परला तोच न्याय आहे. एक बारीक केबल गाडीला अडकवलेली असते. जोड सुटून कॅम्पर वेगळा झाला तर केबलने पिन उपटली जाते आणि कॅम्परवरची छोटी बॅटरी ब्रेक लावते. ते ऐकून सासऱ्यांनी बॅटरी चार्ज आहे का ते आधी बघायला लावलं.

डबीवर एक आकडा ठरवावा लागतो. मोकळ्या सपाट जागी ताशी २५ मैलांनी जायचं, फक्त डबीची कळ दाबायची, कॅम्परची चाकं जाम होईपर्यंत वीज वाढवायची आणि मग थोडी उतरवायची. सामान वाढलं किंवा पाऊस आला की आकडा पुन्हा जुळवायचा. आमच्याकडे यावर रेडिओच्या आवाजाइतकेच वाद होतात.

या कळीचा आणखी एक उपयोग आहे. शेजारून मोठा ट्रक गेला की कॅम्पर डुलू लागतो. अशा वेळी पाय आपसूक ब्रेकवर जातो आणि नेमका तोच न्यायचा नसतो. अॅक्सिलरेटर सोडून नुसती कळ दाबायची. मग ब्रेक फक्त मागे लागतो, जोड ताणला जातो आणि कॅम्पर ओळीत येतो. डबी स्टिअरिंगच्या उजव्या अंगाला असल्याने कळ बायकोच्याही हाताला येते. माझ्या गाडी चालवण्याला लगाम तिने आजवर तोंडीच घातला होता, आता त्याला वायरिंग आलं.

पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांत उतारावर ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी कडेला खडी भरलेली चढती वाट काढलेली असते. पहिली दिसताच सासरे सीटवर उठून बसले. “अहो, हे आपलं कॅच सायडिंग!” घाटातही बेफाम झालेली गाडी अशीच चढत्या रुळांवर घेतात. पुढचे कित्येक मैल ते घरी आल्यासारखे बोलत होते.

कॅम्परमध्ये बसून प्रवास करायची त्यांची फार इच्छा होती, शेवटच्या डब्यात, हिरव्या झेंड्यासह. चालत्या कॅम्परमध्ये बसायला पुष्कळ राज्यांत बंदी आहे, म्हणून तो हट्ट त्यांनी सोडला. निघण्यापूर्वीची ब्रेक टेस्ट मात्र सोडली नाही. त्यांनी मान हलवल्याशिवाय गाडी हलत नाही.

आता त्यांची नवी मागणी आहे. रेल्वेच्या शेवटच्या डब्यावर मोठी पिवळी फुली असते, ती पाहून स्टेशनवरच्या माणसाला गाडी पूर्ण आल्याचं कळतं. तशी कॅम्परच्या पाठीवर हवी.

“बाबा, शेजारी काय म्हणतील?” बायकोने विचारलं.

“त्यांना सांग, सगळे डबे आलेत.”

चकाकणारी पिवळी टेप त्यांनी स्वतः निवडून आणली आहे. फुली खिडकीच्या वर काढायची की खाली, यावर बोलणी चालू आहेत.